गादीच्या कोपऱ्यातली पट्टी

रत्नमाला खिल्लारे अनसिंगला माझ्या घरामागच्या गल्लीत गाद्या भरते. लग्न होऊन आली तेव्हा ती एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याकडे खोळी शिवायला जायची. तो गाव सोडून मुलाकडे गेला, तेव्हा त्याचं कापूस पिंजायचं यंत्र हिनं घेतलं. बाईच्या हातची गादी कोण घेणार, असं लोक बोलले. ती म्हणाली, "कापसाले काय समजते, हात कोनाचा हाय ते."

तिची एक रीत आहे. गादीत कापूस कमी भरला, अशी भांडणं गावात नेहमीची. म्हणून ती प्रत्येक गादीच्या कोपऱ्यात, खोळीच्या आतून, एक कापडी पट्टी शिवते. पट्टीवर कापसाचं वजन आणि दर. शंका आली तर उसवा आणि बघा.

तिच्याकडे पाच बायका कामाला आहेत. लग्नसराई सोडली तर त्यांना पुरेल इतकं काम नसतं. आधी सात होत्या; दोघी कामासाठी पुण्याला निघून गेल्या, आणि उरलेल्यांचंही मन तिकडेच लागलं होतं. त्या गेल्या तर यंत्र एकटीनं चालवायचं कसं? म्हणून सरकारी वसतिगृहांच्या गाद्यांचं काम मिळवायचं तिनं मनावर घेतलं.

पहिल्या वर्षी तिची निविदा बाद झाली. 'प्रलंबित खटले' या रकान्यात 'निरंक' लिहायचं होतं, तो तिनं कोरा सोडला. "निरंक म्हंजे काही नाही ना, काकू? मंग काहीच नाही लिवलं मी."

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, तिनं अटी वाचून दाखवायला मला बसवलं. अटी इंग्रजीत होत्या, सव्वीस पानं. आम्ही तीन दुपारी त्यावर घालवल्या. उद्यम नोंदणी, डिजिटल सही, कामाचे दाखले, सगळं एकेक करून जमवलं. निविदेचे दोन लिफाफे असतात. पहिल्यात कागदपत्रं आणि वस्तूचा नमुना, दुसऱ्यात दर. पहिल्यात पास झाला त्याचाच दुसरा उघडतात, आणि पहिल्यात दर दिसला तर निविदा तिथंच संपते. हे मी तिला सांगितलं होतं. माझे शब्द होते, "नमुन्याला दराचा कागद लावू नकोस."

कागदपत्रं बुधवारी संगणकावरून गेली. गुरुवार, तेरा तारीख, दुपारी तीनपर्यंत नमुन्याची गादी वाशिमच्या कार्यालयात पोचवायची होती. तिचा नवरा धम्मरत्न ती सकाळीच देऊन आला, पावतीही आणली. बाराच्या पुढे मी तिच्या शेडमध्ये गेले, तर ती दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गादीत पट्टी शिवत होती.

"नमुन्याच्या गादीतही शिवलीस?" मी विचारलं.

"हो. काहून?"

"अगं, त्यावर दर असतो."

"कागद कुठं लावला मी? ते तं कापूड हाय."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सुई खाली ठेवली. नमुने तपासणारी समिती गादी फाडून कापूस तोलते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आम्ही दोघी वाशिमच्या जीपमध्ये बसलो, पण ती भरेपर्यंत हलेना. रत्नमाला दोनदा उतरली, दोनदा चढली. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुमी खालीवर केल्यानं सवारी येते काय?" ती म्हणाली, "दोन सीटचे जास्तीचे घे, पन हाल बापा इथून."

कार्यालयात पोचलो तेव्हा दोनला सात मिनिटं कमी होती. खिडकीत मंजुषा नावाच्या लिपिक होत्या. नमुना परत मागितल्यावर त्या म्हणाल्या,

"जमा झाला म्हणजे झाला. आता समितीच उघडेल."

मी छापील अटींचं अकरावं पान काढून त्यांच्यापुढे धरलं. मुदतीच्या आत लेखी अर्ज देऊन नमुना मागे घेता येतो, दुरुस्त करून परत देता येतो. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि साहेबांना विचारायला आत गेल्या. मी बाकावर बसले. रत्नमाला खिडकीपासून जिन्यापर्यंत जायची, परत यायची. त्या 'कागद' शब्दापायी मला तिच्याकडे बघवेना.

दोन वीसला मंजुषाबाई बाहेर आल्या. "अर्ज लिहा. कारण लिहा. माझ्यासमोरच उघडायचं."

"खरं कारन लिवू?" रत्नमालानं मला विचारलं.

"खरंच लिही."

तिनं लिहिलं, 'नमुन्याच्या आत चुकून दर राहिला आहे.' मंजुषाबाईंनी अर्जावर वेळ टाकली, गादी समोर ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "काढा. मी पाहत नाही." पट्टी निघाली. पण घाईत रत्नमाला सुई-दोरा घरीच विसरली होती. मंजुषाबाईंनी फायली शिवायचं दाभण दिलं आणि फायलींचाच पांढरा दोरा. दोन पन्नासला सील झालं, नोंदवहीत पुन्हा नोंद झाली.

सोमवारी, सतरा तारखेला, नमुने उघडले. कामरगावचे व्यापारी फुलसिंग यांचीही निविदा होती. त्यांनी हरकत घेतली, "या गादीचं सील मधात तुटलं होतं. अन् हा टाका पाहा, गादीवाल्याचा हाय काय?" साहेबांनी नोंदवही मागवली आणि तिचा अर्ज सगळ्यांसमोर वाचला. फुलसिंग हसले. "दर काढला कायले, बाई? राहू द्यायचा होता. आमाले सोपं गेलं असतं."

"तुमचा दर तुमी सांगा ना आधी," रत्नमाला म्हणाली.

मग गाद्या फाडल्या. तिचा कापूस बरोबर साडेसहा किलो भरला. एकाचा पाऊण किलो कमी निघाला, तो बाद झाला. रत्नमाला पात्र ठरली, फुलसिंगही ठरले. दर उघडायला आणखी सात दिवस होते. त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी येऊन एकच विचारायची, "आपला दर जास्त तं नाही झाला, काकू?" मला काय कळणार, तरी मी नाही म्हणायचे.

चोवीस तारखेला तिचा दर सर्वांत कमी निघाला. चार मार्चला कार्यादेश हातात आला. मला वाटलं, आता तरी बसेल. मी चहा टाकला. ती कार्यादेश घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली.

"काकू, तीनशे चाळीस गाद्या, पंचेचाळीस दिवस. रोजच्या किती?"

मी हिशेब केला. "साडेसातच्या थोडं वर."

"अर्धी गादी कशी भरू?"

"आठ धर."

"आठ," ती म्हणाली, आणि चहा न घेताच पाचही बायकांना सांगायला गेली.