एका ममतासाठी चार जणी

नानीबाई पावरा आमच्या सूतगिरणीत लागली तेव्हा तिला सही येत नव्हती. अंगठा देताना मात्र ती कागदावर काय लिहिलंय ते दोनदा वाचून दाखवायला लावायची. शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं सासर. पाऊस बरा झाला तर ज्वारी-मका, एरवी डिंक, मोह आणि मजुरी. कंपनीची बस पाड्यापर्यंत जायला लागली त्या महिन्यात पहिली चढलेली बाई तीच. सहा महिन्यांत ती चालत्या यंत्रावर तुटलेला धागा असा सांधू लागली की जुने मिस्त्री थांबून बघत.

मी तिथे कामगार विभागात आहे. मूळची असोद्याची, आडनाव भोळे. कंपनीत सगळे चारू मॅडम म्हणतात. दर वर्षी सरकारला जाणारा एक तक्ता माझ्याकडे असतो. आमच्यासारख्या मोठ्या कारखान्याने भरलेल्या करातला काही भाग सरकार ठरावीक वर्षं परत देतं, मागास भागात कारखाना काढला म्हणून. त्याला एक अट आहे: शंभरातले ऐंशी कामगार याच राज्याचे रहिवासी असले पाहिजेत. रहिवासी म्हणजे अधिवासाचा दाखला असलेले.

दोन वर्षांपूर्वी तक्ता भरला तर आकडा बसेना. पाचशे वीस कामगार, त्यातले चारशे आठ दाखलेवाले. आठ कमी. टाइम ऑफिसचे भिकन पाटील हिशेबाला पक्के. त्यांनी सुचवलं की नवे आठ शोधण्यापेक्षा बाहेरचे दहा जण ठेकेदाराकडे टाका. ठेकेदाराची माणसं आपल्या तक्त्यात येतच नाहीत. काम तेच, यंत्र तेच, फक्त नाव दुसऱ्या वहीत. भविष्यनिर्वाह निधी आणि बसमधली जागा तेवढी जाणार होती. मला ते पटलं नाही, पण दुसरं सुचलंही नाही. मी यादी केली.

तक्त्यात आधी नानीबाईचंही नाव बाहेरच्यांत होतं. तिचं माहेर सेंधव्याकडे, म्हणजे मध्य प्रदेशात. लग्नाला बारा वर्षं झालेली, आणि दाखल्याला पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. पण नवरा इथला असला की त्याच्या कागदांवर बायकोला दाखला मिळतो. तिचा नवरा सुकलाल तिला घेऊन तहसीलला तीन खेपा घालून आला आणि नानीबाई स्थानिक झाली.

तिची भाची ममता मात्र राहिली. सख्ख्या भावाची मुलगी, वीस वर्षांची, दहावी झालेली. तिला कामाला नानीबाईनेच आणलं होतं. ती आत्याकडेच राहायची. माहेर आणि सासर यांत सात किलोमीटरांचं अंतर, मध्ये एक नाला. त्या लोकांना तिकडे बारेला म्हणतात, इकडे पावरा. बोली एक, देव एक, बाजारसुद्धा एकच.

ममताचं नाव ठेकेदाराकडे गेल्याचं मी सांगितलं तेव्हा नानीबाईने माझ्या टेबलासमोर उभं राहून यादी दोनदा वाचून घेतली. मग तिने विचारलं की नागपूरचे इंजिनियर साहेब कुठे बसतात. मी म्हटलं, ते राज्यातलेच, स्थानिक. नागपूर किती लांब, हे तिने विचारलं. मी सांगितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "ममता बाहेरनी नही. ती मना माहेरनी शे."

भिकनभाऊ शेजारीच होते. चांगल्या मनाने त्यांनी उपाय सांगितला: मुलगी लग्नाची आहे, इकडचाच एखादा मुलगा बघून टाका, दाखला होऊन जाईल. नानीबाईने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि सांगितलं की ममताचं लग्न ममता ठरवेल, कंपनीचा कागद नाही. भिकनभाऊ ओशाळले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती परत आली. तक्ता कसा बसतो ते समजावून सांगा म्हणाली. मी कागदावर काढून दाखवलं. एक माणूस बाहेरचं ठेवायचं तर चार इथली हवीत. तिने बोटांवर मोजून पाहिलं.

"म्हणजे चार बाया आणल्या, तर ममता परत?"

माझ्या हातात ते नव्हतं. तरी दुपारच्या पाळीत दोन यंत्रं माणसांअभावी बंद असायची, हे मला माहीत होतं. मी हो म्हणून बसले आणि मग रोनकशेठना सांगायला गेले. ते मालकांचे धाकटे चिरंजीव. त्यांचे पणजोबा राजस्थानातून दोंडाईच्याला आले, कापसाच्या व्यापारात जम बसवला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या पणजोबांना कोणी दाखला विचारला नव्हता. आणू द्या तिला. आल्या तर घ्या."

पुढचे तीन रविवार नानीबाई पाड्यापाड्यांवर फिरली. ते सोपं नव्हतं. दुपारच्या पाळीची बाई घरी परतते तेव्हा चूल थंड असते, आणि पहिलं भांडण त्यावरूनच होतं. एका घरी सासूने तिला अंगणातूनच परत पाठवलं. गेंदा नावाच्या विधवेने यायचं ठरवलं, पण तिच्याजवळ शाळेचा कागद नव्हता. नानीबाईने शाळेच्या जुन्या दाखलखारीज रजिस्टरात गुरुजींकडून तिचं नाव शोधून काढलं. तिसऱ्या रविवारनंतर चार जणी माझ्यासमोर होत्या, चौघींचे दाखले प्लास्टिकच्या एकाच पिशवीत.

ममता तीन महिने ठेकेदाराकडे राहून परत कंपनीत आली. बाकीचे नऊ नाही आले. त्यांच्यासाठी फिरणारं कोणी नव्हतं. त्यातला ओडिशाचा एक मुलगा मला गेटवर अजून नमस्कार करतो, आणि मी घाईत असल्यासारखं दाखवते.

एकदा मी नानीबाईला म्हटलं, तू भाचीसाठी केवढं केलंस. ती म्हणाली की भाचीसाठी एकच रविवार होता, पुढचे दोन त्या बायांसाठी होते. गेंदाने पहिल्या पगारातून बूट घेतले, तसं काही नानीबाईला बघायचं होतं.

गेल्या वर्षी ममताचं लग्न झालं, नाल्याच्या तिकडे, तिच्या पसंतीने. नोकरी तिने सोडली नाही. रोज नवऱ्याच्या मोटारसायकलवर नाल्यापर्यंत येते आणि इकडे बस धरते. तक्त्यात ती अजून बाहेरचीच, त्यामुळे चौघी टिकल्या पाहिजेत. एक मध्येच सोडून गेली तेव्हा नानीबाई न सांगता दुसरी घेऊन आली.

आता तक्त्याचा महिना जवळ आला की ती स्वतःच विचारते, यंदा किती कमी पडतात. या वेळी तीन कमी पडत होत्या आणि तिने सात जणी आणल्या. ममतासाठी इतक्या लागत नाहीत, असं मी म्हटलं.

"तो ओडिशाना पोऱ्या शे ना," ती म्हणाली, आणि पाळीचा भोंगा झाला म्हणून यंत्राकडे गेली.