पद्मजाबाईंच्या दाराचं कुलूप

नाव : डॉ. पद्मजा सरपोतदार. मुक्काम : सुकापूर. विषय : एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो तिथले भ्रंश व भूकंप. कार्यक्षेत्र : अंदमान. विशेष योगदान : किनारपट्टीस धोक्याची आगाऊ सूचना देण्याबाबत संशोधन.

सूचना किनाऱ्याला पोचते आहे, हे बाईंना २००८ साली ठमाबाईकडून कळलं. उरणची ही कोळीण मासे विकून झाले की बाईंच्या दारात टोपली टेकून पाणी प्यायची.

"बाय, जाताना सांगून जात जा," ती म्हणाली. "तुमच्या दाराला कुलूप दिसलं की आमचा विठू होडी काढत नाय. आळीतलं कोणीच काढत नाय."

"का हो?"

"भूकंपवाली बाय घर सोडून पळाली, म्हंजे सुनामी येनारच ना!"

"अहो, मी दगड बघायला जाते! आणि मी नसताना तुम्ही खाता काय?"

"सुकट. ती पन संपली."

बाईंनी तासभर भ्रंश समजावले. ठमाबाईने मान डोलावली. पुढच्या दौऱ्यात होड्या पुन्हा किनाऱ्यावरच राहिल्या.

मग बाईंनी संशोधनाची दिशा बदलली. निघण्याआधी त्या म्हणाल्या, "ठमाबाई, रविवारी परत येतेय. दोन मोठी पापलेटं आणा. ताजीच हवीत."

"ताजी? मंग विठूला जावंच लागंल."

"जाऊ दे की."

विठू गेला. त्याच्यामागून आळी गेली. तेव्हापासून दर दौऱ्याआधी बाई पापलेटं सांगून ठेवतात आणि परतल्यावर ती समोरच्या बिऱ्हाडात देऊन टाकतात. पद्मजाबाई मासे खात नाहीत.