लिफ्टवाल्याची रिकामी इंजिनं

खोका उघडला की आधी वास यायचा. खवट, जुन्या तेलाचा. वीतभर लांबीच्या मॉडेल रेल्वे-इंजिनाच्या गिअरमध्ये मालकाने स्वयंपाकघरातलं तेल ओतलेलं असायचं आणि वर्षभरात त्याचा पिवळा, चिकट गोळा झालेला असायचा. चाकांच्या आसाभोवती माणसांचे केस, मांजराचे केस आणि सतरंजीचे धागे करकचून गुंडाळलेले. लिफ्टवाला चिमट्याने एकेक केस ओढून काढायचा. मालक समोर खुर्चीत बसून म्हणायचा, "काय माल बनवतात हो हल्ली!"

लिफ्टवाला म्हणजे लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीतला मेकॅनिक. तीस वर्षं तो इमारतींच्या तळाशी, लिफ्टच्या खड्ड्यात उतरत होता. लोक त्या खड्ड्यात काय काय टाकतात ते इथे न लिहिलेलंच बरं. घरी येऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले की तो दुसऱ्या घाणीला बसायचा. ही घाण मॉडेल रेल्वे क्लबच्या चाळीस सभासदांची होती आणि ती साफ करायला तो कुणाकडून काही घेत नसे.

त्याला माहीत नव्हतं असं फार थोडं होतं. कुठल्या कंपनीचे कुठल्या वर्षीचे गिअर तडकतात, बॉडीचा चौथा स्क्रू कुठे लपवलेला असतो, हे तो न बघता सांगायचा. क्लबच्या ग्रुपवर कुणी काही विचारलं की कागदावर आकृती काढून, पायरीपायरीने लिहून फोटो टाकायचा. सभासद खाली पसंतीच्या अंगठ्याचं चित्र टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी इंजिन त्याच्याच घरी पोचतं करायचे. वाचायचा कंटाळा.

त्याची बायको कपडे आल्टर करून द्यायची. कामाच्या वेळी ती टॉर्च धरायची आणि कागदाच्या बारीक पट्ट्या कापून द्यायची. प्रत्येक इंजिनात काय केलं ते पट्टीवर लिहून तो बॉडीच्या आत, छताला चिकटवत असे.

"उद्या दुसऱ्या कुणी उघडलं तर त्याला कळायला नको?"

"उघडतंय कोण तुमच्याशिवाय?" ती म्हणायची.

तो कामावर असतानाच हृदय बंद पडून गेला. आठव्या दिवशी सकाळी क्लबचे अध्यक्ष आणि चिटणीस घरी आले. चिटणिसाच्या हातात दोन पिशव्या होत्या, घडी घातलेल्या.

"वहिनी, फार मोठा माणूस गेला," अध्यक्ष म्हणाले. त्यांची नजर वहिनींच्या डोक्यावरून कपाटाकडे लागलेली होती.

"त्यांचा ठेवा क्लबात सुरक्षित राहील," चिटणीस म्हणाला. "इथे धूळ खात पडायचा."

तिने हो-नाही म्हणायच्या आत कपाट उघडलं गेलं. आत त्याची स्वतःची अकरा इंजिनं होती. चिटणिसाने हिरवं इंजिन उचललं, हातात तोललं, कानाशी हलवलं.

"अहो, हे हलकं लागतंय." त्याने दुसरं उचललं. "हेही. यात मोटरच नाहीये!"

अकरापैकी सात रिकामी निघाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि रिकाम्या पिशव्या घेऊन, चहाही न घेता निघून गेले.

दुपारी ग्रुपवर चिटणिसाचा निरोप आला: 'दिवंगताबद्दल वाईट बोलू नये, पण घरात मोटरी काढलेली इंजिनं सापडली आहेत. काही व्यवहार चालू असावेत. दुरुस्तीहून आलेल्या माझ्या निळ्या इंजिनाचा आवाज बदलला होता, तेव्हा मी बोललो नाही. सर्वांनी आपापल्या मोटरी तपासून घ्याव्यात.' संध्याकाळपर्यंत नऊ जणांना आपल्याही इंजिनाचा आवाज बदलल्याचं आठवलं. तपासलं मात्र एकानेही नाही. इंजिन उघडतात कसं, हे चाळीस जणांत कुणाला येत नव्हतं.

बायकोला हे क्लबचा सभासद असलेल्या शेजाऱ्याच्या फोनवर वाचायला मिळालं. तिने दोनदा वाचलं. वर्षानुवर्षं लोकांच्या इंजिनांतले केस उपसलेल्या माणसाचं नाव चोर म्हणून राहणार होतं.

शोकसभा रविवारी क्लबच्या हॉलमध्ये ठेवली होती. मधोमध मोठ्या टेबलावर क्लबचे रूळ, बोगदे, स्टेशन. आदरांजली म्हणून एक गाडी चालवायची होती आणि तिला चिटणिसाचं निळं इंजिन जोडलेलं होतं. भाषणं झाली. पहिला वक्ता स्वतःच्या संग्रहावर बोलला, दुसरा स्वतःच्या परदेशवारीवर. तिसऱ्याने 'माणूस म्हटला की गुणदोष आलेच' असं म्हणून डोळे पुसले.

बायको उठली आणि टेबलाशी गेली.

"भावजी, हे तुमचंच ना?" तिने निळं इंजिन उचललं. "उघडा."

"आत्ता?" चिटणीस हसला. "वहिनी, गाडी सोडायचीय."

"तुम्हीच लिहिलंत ना, तपासा म्हणून? मग तपासू या. उघडा."

चिटणिसाने इंजिन हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. नखाने कडेला ओढून पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "वरून दाबा." त्याने वरून दाबलं. काहीतरी कटकन मोडलं.

बायकोने इंजिन परत घेतलं आणि पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. चार स्क्रू निघाले. तिने बॉडी उपसली, आतली पट्टी बघितली आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच जरा थांबली. पट्ट्या तिने कापल्या होत्या, वाचल्या कधी नव्हत्या. मग बॉडी अध्यक्षांपुढे धरली.

"मोठ्याने वाचा."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "मूळ मोटर जळालेली. चुकीचा ट्रान्सफॉर्मर लावला होता. हा नमुना आता मिळत नाही. माझ्या हिरव्यातली घातली." ते थांबले.

"पुढे आहे."

"मालकाला सांगू नये. ओशाळेल."

चिटणीस काही ओशाळला नाही. "बघा, म्हणजे मोटर बदललीच होती," तो म्हणाला. "मी तेच म्हणत होतो." दोघातिघांनी मानाही डोलावल्या. सात रिकाम्या इंजिनांचा हिशेब एव्हाना सगळ्यांच्या डोक्यात बसला असणार, कारण जो तो आपल्या पायांकडे बघत होता. तेवढ्यात आवाज बदलल्याचं आठवलेल्या नऊ जणांपैकी एक जण वहिनींच्या जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "तुम्हालाही येतं वाटतं उघडायला? माझी दोन आहेत. सवडीने करा, घाई नाही."

तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. खड्ड्यात सापडलेल्या वस्तूकडे तिचा नवरा बघत असेल तसं.

"चला, गैरसमज दूर झाला," अध्यक्ष टाळी वाजवून म्हणाले. "आता हे इतिवृत्तात कशाला? उगाच क्लबची शोभा. दुखवट्याचा ठराव तेवढा घेऊ."

"ग्रुपवर चाळीस जणांनी वाचलंय," बायको म्हणाली. "इथे कागदावर येऊ दे. मी बसते." आणि ती पहिल्या रांगेत बसली.

वीस मिनिटं ती उठली नाही, म्हणून कुणालाच उठता येईना. शेवटी चिटणिसाने वही ओढली आणि लिहिलं. तिने वाचून दाखवायला लावलं. 'काही सभासदांचा गैरसमज झाला होता,' असं वाक्य होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "तुमचा. आणि गैरसमज नाही, आरोप. खोटा आरोप."

त्याने खोडलं, पुन्हा लिहिलं, सही केली. पट्टीवरचा मजकूरही तिने अक्षर न अक्षर उतरवून घेतला, खाली अध्यक्षांची सही घेतली, आणि त्याच पानाचा फोटो ग्रुपवर पडेपर्यंत चिटणिसाच्या खुर्चीमागे उभी राहिली.

पहिला अंगठा अर्ध्या मिनिटात आला. तो कुणाचा हे बघायलाही ती थांबली नाही.