गोल्फच्या मैदानावरचं कुसळ

वामनराव महाजनांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती. कागद मिलच्या कॉलनीतलं गोल्फचं मैदान साहेब लोकांचं, आणि वामनराव बांबू यार्डातले. ट्रकमधून बांबू उतरवून घ्यायचा आणि कापायच्या मशीनकडे रवाना करायचा, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर वाचून त्यांना कळलं, की बांबू म्हणजे एक गवतच. म्हणजे जन्मभर गवताचा भुगा करून पोट भरलेला हा गृहस्थ म्हातारपणी गवत वाचवायला निघाला होता. याचं त्यांचं त्यांनाच हसू यायचं. दुसऱ्याने हसण्याआधी ते स्वतःच हसून घेत, म्हणजे दुसऱ्याची मजा तरी जात असे.

हे वेड लागलं ते निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी मिलचा भोंगा झाला आणि वामनराव सवयीने इस्त्रीचा शर्ट चढवून बाहेर पडले. फाटक दिसल्यावर आठवलं, की आता आपलं तिथे काही काम नाही. लगेच परत फिरायची लाज वाटली, म्हणून ते मैदानाकडे वळले. गोल्फ खेळणारे साहेब कधीच बदली होऊन गेले होते. कडेने घाणेरी माजली होती, मधे गाजरगवत पसरलं होतं. पण ओढ्याकडच्या उतारावर जुनं गवत अजून तग धरून होतं. कुसळी, पवन्या, मारवेल. दिवाळीचे दिवस, गवत वाळून तांबूस सोनेरी झालेलं. एक टिटवी त्यांच्या डोक्यावरून ओरडत गेली. नोकरी सुटल्यापासून त्यांच्यावर कोणीतरी पहिल्यांदाच ओरडलं होतं. वामनरावांना तिथे फार बरं वाटलं. ते रोज जाऊ लागले.

वर्ष होत आलं आणि बातमी आली, की मैदान लग्नाच्या लॉनसाठी ठेक्याने जाणार. वामनराव थेट मिलच्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. आजूबाजूची झुडपं काढू, जुनं गवत वाढू देऊ, ओढा मोकळा करू, असं बरंच बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं.

"देखिए महाजनजी, मुझे घास से कोई दुश्मनी नहीं. कॉलोनीवाले साथ हों तो बताइए. अकेले आपके कहने पर तो मैं अपनी कुर्सी भी न खिसकाऊँ."

झालं. वामनराव घरोघर फिरू लागले. त्यांच्याबरोबर यार्डात असलेला चुडामण म्हणाला, "गवतासाठी मीटिंग? भो, तुले रिटायरमेंट पचली नाही." शेजारच्या क्वार्टरमधल्या भागीरथीवहिनी म्हणाल्या, "भाऊ, आंब्याची झाडं लावा, मी येते. गवत काय वाचवायचं? ते तर फुकट उगतं." वामनराव दोघांनाही तापीच्या उगमापासून समजावून सांगू लागले. चुडामणला एकाएकी औषध आणायचं आठवलं, वहिनींचं दूध उतू जायला आलं.

"तुमी बोलता लई," घरी त्यांच्या पत्नी विमलबाई म्हणाल्या. "तुमचं ऐकेपर्यंत चहा थंडा होतो. लोकायले जलेबी दाखवा."

हा सल्ला मात्र वामनरावांना एकदम पटला. त्यांनी जाहीर केलं: दिवाळीनंतरच्या रविवारी श्रमदान, साहेब प्रमुख पाहुणे, आणि शेवटी बुऱ्हाणपूरची मावा जलेबी. कॉलनीत उत्साह संचारला. मग वामनरावांच्या मनात आलं, की पाहुणे येतच आहेत तर एखाद्या पर्यावरणप्रेमीचा सत्कारही उरकून घ्यावा. कॉलनीत असा पर्यावरणप्रेमी एकच होता. त्यांनी स्वतः बुऱ्हाणपूरला राजपुऱ्यात जाऊन शाल निवडली, रंग अंगावर धरून पाहिला आणि ती चुडामणजवळ दिली. चुडामणने ती साहेबांच्या हातात द्यायची आणि साहेबांनी ती वामनरावांच्या खांद्यावर घालायची, असं ठरलं. त्या वेळी आपल्याला आश्चर्य वाटल्यासारखं कसं दाखवायचं, हेही त्यांनी आरशापुढे करून पाहिलं.

रविवारी अख्खी कॉलनी लोटली. कुदळी, विळे, खराटे, घमेली. वामनरावांना गहिवरून आलं. शाल अंगावर पडली, आश्चर्य ठीकठाक जमलं, आणि ते भाषणाला उभे राहिले.

भाषण त्यांनी मोठं विचारपूर्वक बांधलं होतं. आधी तापी, मग असीरगडचा किल्ला, मग बांबू, मग कागद, आणि मुद्द्याची गोष्ट अगदी शेवटी, जरा थांबून. ती एवढीच होती: हिरवंगार, पांढऱ्या फुलांचं दिसतं ते गाजरगवत, ते उपटा, वाळलेलं दिसतं ते आपलं जुनं गवत, त्याला हात लावू नका.

पण मिलमधल्या माणसांना हातात कुदळ घेऊन नुसतं उभं राहायची सवय नसते. वामनराव असीरगड चढत होते तेव्हाच मागच्या रांगा पांगल्या. मांडव उताराकडे पाठ करून घातलेला, तिकडे काय चाललंय ते वामनरावांना दिसेना. बांबूपर्यंत आले तेव्हा समोर फक्त साहेब, विमलबाई आणि जलेबीवाला उरला होता. विमलबाई केव्हापासून डोळ्यांनी खुणावत होत्या. वामनरावांना वाटलं, भाषण रंगतंय. शेवटी ते थांबले, हात लांब केला, म्हणाले, "तो उतार पाहा," आणि स्वतःच वळून पाहिलं.

उतार तुळतुळीत झाला होता. सोनेरी गवताचे ढीग कडेला लावलेले, आणि गाजरगवत मात्र कोणी धक्का न लावता जपून ठेवलेलं. भोवती आळी करून त्याला पाणीसुद्धा घातलेलं.

"सगळा कचरा काढला, भाऊ," भागीरथीवहिनी घाम पुसत म्हणाल्या. "फुलांची झाडं तेवढी ठेवली."

टाळ्या झाल्या. साहेब खूश होऊन म्हणाले, "लोग तो साथ हैं! चलिए, एक साल रुकते हैं. अगली दिवाली पर आकर देखूँगा, क्या बना है. कुछ न बना तो लॉन." वामनरावांनी मान हलवली आणि जलेबीचं दुसरं ताट उचललं. दुःखात त्यांना गोड जरा जास्तच जायचं.

संध्याकाळी कॉलनीत वेगळाच गलका झाला. उपटताना गवताची कुसळं सगळ्यांच्या कपड्यांत शिरली होती. कुसळाला पुढे सुईसारखं टोक आणि मागे पिळाचं शेपूट; कापडात घुसलं की आत आतच जातं. घरोघरी माणसं पायरीवर बसून साड्यांचे काठ आणि पायमोजे निवडत होती, कुसळं अंगणात फेकत होती आणि वामनरावांचा उद्धार करत होती. वामनराव दिवा न लावता घरात बसून ऐकत होते. विमलबाई दारात बसून नव्या शालीतली कुसळं वेचत होत्या.

"सत्कार चांगला टोचला," त्या म्हणाल्या.

त्यानंतर वामनरावांनी मैदानाकडे जाणंच सोडलं. गाजरगवत वाढत गेलं, कॉलनी शिंकू लागली, अंग खाजवू लागली. भेटेल तो विचारायचा, "मग पुढलं श्रमदान कधी?" ते ऐकलं की वामनरावांना खरोखरच रडू यायचं. लोक साथीला होते, हेच तर संकट होतं.

श्रावणात एका सकाळी भागीरथीवहिनी घमेलं घेऊन दारात आल्या. घमेल्यात मुळासकट गवताचे ठोंब.

"हे घ्या तुमचं. माह्या पायरीशी रांगच्या रांग उगलीय. काहून माह्याच दारात?"

वामनरावांनी एक ठोंब हातात घेतला. कुसळी होती. वहिनींच्याच दारात नव्हे, जिथे जिथे लोकांनी कुसळं झटकली होती त्या प्रत्येक पायरीशी ती उगवली असणार. सवयीने त्यांच्या तोंडात तापी आली. पण त्याआधी विमलबाईच बोलल्या. "वहिनी, जिथून आणलं तिथंच लावून येऊ ना. चला, मी पण येते."

आठवडाभर हेच चाललं. जो तो आपल्या दारातलं गवत घेऊन भांडायला यायचा आणि विमलबाई त्याला उतारावर न्यायच्या. उतारावर जुन्या मुळांनाही फुटवे आले होते. उपटणाऱ्यांच्या हाती ती पुरती लागलीच नव्हती. चुडामण शिंकत म्हणाला, "अन् हे खाजरं काहून ठेवलं?"

"ते उपटायचं होतं," वामनराव म्हणाले. "आणि हे ठेवायचं होतं." त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात छोटं भाषण, आणि शेवटपर्यंत ऐकलं गेलेलं पहिलंच. चुडामणने हाताला फडकं गुंडाळलं आणि गाजरगवत उपटायला घेतलं.

दिवाळीला साहेब आले. उतारावर गुडघ्याएवढं गवत पिकून तांबूस झालं होतं, आणि कॉलनी कडेला उभी होती. वामनरावांनी भाषण तयार ठेवलं होतं. ते घसा खाकरणार, तेवढ्यात साहेब सरळ गवतात शिरले.

"ओ साब!" भागीरथीवहिनी ओरडल्या. "उधर पाँव मत रखो! वो मेरे दरवाजे का घास है!"

"और वो बाजूवाला मेरा," चुडामण म्हणाला. मग एकेकाने आपापला ठोंब दाखवला. त्यावरून दोन बायकांत वादही झाला.

साहेब गवतात एका पायावर अवघडून उभे राहिले आणि हसले. "ठीक है भाई, ठीक है. लॉनवालों को मना कर देता हूँ."

वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसताना त्यांना दिसलं, की साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरली आहे. आता साहेब बंगल्यावर जातील आणि पायरीवर बसून ती एकेक काढून अंगणात फेकतील. सांगावं का? विमलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

वामनरावांनी साहेबांना वाकून नमस्कार केला आणि गाडीचं दार उघडून दिलं.