बाराशेची लाइन

अंबुबाई पहिल्या दिवशी साडेबाराला ऑफिसात आल्या आणि तिथेच माझ्या डोक्यात गेल्या. बंगळूरच्या व्हाइटफील्डला आमचं ऑफिस साडेनऊला सुरू होतं. मी के. आर. पुरमहून मेट्रोत चेंगरत वेळेवर पोचते, आणि तीन महिन्यांच्या काँट्रॅक्टवर आलेल्या या बाई शांतपणे म्हणतात, "सकाळी दहाला मला मल्लेश्वरमला काम असतं. तुमच्या साहेबांना आधीच सांगितलंय."

काम काय होतं, तेही सांगते. एका सरकारी खात्याच्या जुन्या डेटा लाइन्सची यादी आमच्या कंपनीकडे आली होती. तीनशे चौदा लाइन्स, आणि प्रत्येकीचा वेग हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत. कुठे नुसतं 'ई-वन', कुठे '६४ के', कुठे '९६००'. ते सगळं आजच्या एमबीपीएसमध्ये आणायचं होतं. आम्हाला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. अंबुबाईंची मात्र त्याच खात्यात लाइन तपासण्यात चौतीस वर्षं गेली होती. 'ई-वन' म्हटलं की त्या मान वर न करता सांगायच्या, "दोन पूर्णांक शून्य अठ्ठेचाळीस."

नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घराणं तीनशे वर्षांपूर्वी बंगळूरला आलेलं, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. शेजारी अक्का म्हणायचे, आम्हीही अक्काच म्हणायला लागलो. डबा त्या एकट्याच खायच्या. मी एकदाही म्हटलं नाही की या, आमच्यात बसा. कशी म्हणणार, मला डेडलाइन होती ना!

यादीचे नियम माझे होते. दशांशानंतर दोनच आकडे. ज्या ओळीत ०.०० दिसेल ती लाइन मेली असं समजायचं आणि बंद करायच्या यादीत टाकायची. फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं मला.

"शाल्मली," अक्का एकदा म्हणाल्या, "बारीक लाइनी किलोबिटमध्येच ठेवल्या तर? स्वल्प खरं दिसेल."

"अक्का, कस्टमरला एकच युनिट हवंय हो."

"सरी, बरं," म्हणून त्या पुढच्या ओळीकडे वळल्या. एक शब्द जास्त बोलल्या असत्या तर! आजही त्यांचा राग येतो मला, आणि त्याहून जास्त माझा.

यादी मंजूर झाली. मग एका बुधवारी एक रजिस्टर हवं होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर मल्लेश्वरमला गेले. खात्याच्या जुन्या इमारतीत एक खोली, तीत भिंतभर मशिनं, त्यातली बहुतेक बंद. निवृत्तीनंतरही रोजच्या तासाभराच्या तपासणीसाठी खात्यानं अक्कांना ठेवलं होतं. बरोबर दहाला त्यांनी फोन उचलला आणि स्पीकर लावला.

"घाट, मल्लेश्वरम बोलतेय."

"बोला मल्लेश्वरम," पलीकडून एक वयस्क आवाज आला. "पाणी चार मीटर वीस."

अक्कांनी आकडा लिहून घेतला. मला वाटलं, झालं काम. पण नाही.

"गुडघा काय म्हणतोय?"

"कुरकुरतोय. आज डब्यात काय?"

"चित्रान्न."

"लिंबाचं?"

"कैरीचं. तुम्हाला जळवायला मुद्दाम."

आणि अक्का हसल्या. खळखळून. तीन महिन्यांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते.

मग त्यांनी सांगितलं. बेळगावकडच्या घाटात नदीची पातळी मोजायचं ठाणं आहे, तिथे हा माणूस एकटा राहतो. मोबाइलला रेंज नाही. आकडे आता उपग्रहावरून जातात, ही लाइन नुसती जोडीला ठेवलेली, तिच्यावरच बोलायचीही सोय. बावीस वर्षं रोज दहाला दोघं बोलतात. भेट कधीच नाही.

"नाव काय त्यांचं?"

"लाइनवर नाव घेत नाहीत. ठाण्याचं नाव घ्यायचं, ही आमची पद्धत."

"आणि या लाइनचा वेग?"

"बाराशे."

बाराशे बिट म्हणजे ०.००१२ एमबीपीएस. माझ्या यादीत ०.००. बंद करायची वेळ शुक्रवारी सकाळी सव्वादहा, तीही मीच टाकलेली.

"अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

"ती ओळ मीच भरलीय."

"मी ०.०१ करून टाकते. कुणाच्या बापाला कळणार नाही!"

"बाराशेला दहा हजार म्हणायचं? चौतीस वर्षांत असं केलं नाही मी." त्या रजिस्टर पुसत राहिल्या. "आणि खात्याला ती लाइन नकोच आहे, शाल्मली. ती मला हवीय."

तरी ती एक लाइन वगळा म्हणून मी खात्याला मेल टाकला. उत्तर आलं, मंजूर यादीत बदल होणार नाही. मी साहेबांशी भांडले, काही उपयोग झाला नाही.

शुक्रवारी मी रजा टाकून मल्लेश्वरमला गेले. दहाला अक्कांनी फोन लावला. पाणी तीन मीटर नव्वद. गुडघा बरा. डब्यात उप्पीट. दहा वाजून बारा मिनिटं झाली तरी बाई लाइन बंद होण्याबद्दल अवाक्षर काढेनात!

"घाट," शेवटी त्या म्हणाल्या, "आज शेवटचं."

"माहितीय. सोमवारीच पत्र आलं. तुम्हाला कसं सांगू म्हणून बोललो नाही."

"मीही म्हणूनच बोलले नाही."

अक्कांनी पेन खाली ठेवलं.

"मल्लेश्वरम, आता पद्धत गेली उडत. तुमचं नाव काय?"

"अंबुबाई."

"अंबुबाई," तो हळूच म्हणाला. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "बरं वाटलं ऐकून. माझं—"

मशिनवरचा हिरवा दिवा गेला. सव्वादहा, मिनिटाचाही फरक नाही.

मला रडू आवरेना. "अक्का, खात्यात नोंद असेल. मी आत्ता फोन करते, पाच मिनिटांत त्यांचं नाव शोधून देते."

"नको गं," अक्का म्हणाल्या. फोन अजून त्यांच्या हातातच होता. "ते स्वतः सांगत होते ना."