ज्याच्या बांधीचा, त्याच्या ताटात

“थांबा जी, मांगच्याचे दाने राहिले.” असं म्हणत तो हलरच्या तोंडात अर्धा वाकायचा आणि शिंदीच्या फड्यानं कानाकोपरा झाडून काढायचा. निघालेले दहा-वीस दाणे आधीच्या माणसाच्या पिशवीत टाकायचा. तो माणूस रस्त्याला लागला असला तर हाक मारून परत बोलवायचा. त्याशिवाय पुढच्याचं धान आत पडत नसे, मग तो सरपंच का असेना.

लाखांदुरात माझ्या घराला लागूनच त्याचं हलर होतं, धान भरडायचं जुनं यंत्र. आम्ही सगळे त्याला मामाजी म्हणायचो. मी शाळेत मास्तर, घरचं दोन एकर धान. एका घरचं धान दुसऱ्या घरच्यात मिसळलं तर त्याला पाप वाटायचं. “ज्याच्या बांधीचा, त्याच्या ताटात,” एवढंच त्याचं म्हणणं; बांधी म्हणजे बांधानं आखलेला धानाचा तुकडा. तळहातावर चार दाणे घेऊन ते कोणत्या तलावाखालच्या शेतातले हे सांगायचा, आणि चुकला तर दिवसभर फुरंगटून बसायचा.

त्याच्या या सफाईपायी दोन-दोन तास मोडायचे. लोक पोत्यांवर बसून राहायचे, भांडायचे, सोयरिकी जुळवायचे. माझ्या बहिणीचं लग्न त्या पोत्यांवरच ठरलं.

मग बाहेरून एक जण आला आणि त्यानं सडकेला मोठी मिल टाकली. आला त्याबद्दल माझी तक्रार नाही, माणसं येणारच. पण त्याच्या मिलला वजनकाटा, टोकन, काचेची खोली आणि फाटकावर ‘आत येण्यास मनाई’ची पाटी. धान द्या, पाच मिनिटांत पांढराफेक तांदूळ पिशवीबंद घेऊन जा. कोणाचा तांदूळ, ते विचारायचं नाही. आणि आम्ही काय केलं? लाखांदूर सुधारलं म्हणून मिरवलं. ज्यांची निम्मी हयात त्या पोत्यांवर गेली तेच म्हणू लागले, त्या बुढ्याकडे कोण टाइमपास करील. मला मिलवाल्यापेक्षा आमचाच राग जास्त येतो. माझा तर सगळ्यात जास्त.

त्या हंगामात एका दुपारी एक म्हातारी एसटीतून उतरली. कंडक्टरनं तिचं पोतं खाली दिलं. स्टँडवर मीच उभा होतो.

“हलर कोठी हाय जी, गुरुजी?”

मामाजीकडे सहा जण ताटकळत होते. मी म्हटलं, “माय, नव्या मिलला जा. तीनची गाडी सापडंल तुले.” ओळखीच्या ऑटोत तिला पोत्यासकट बसवून दिलं आणि मोठं पुण्य केल्यासारखा घरी आलो.

तासाभरात ती मामाजीच्या दारात उभी होती. हातात चकचकीत पिशवी. “हा आमचा तांदूर नाही जी,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्या मालकानं पावसाळ्यात रोवणी केली आणि धान पोटरीला येण्याआधीच तो गेला. एकच बांधी, एकच पोतं. त्या नव्या तांदळाचा पहिला भात ती त्याच्या नावानं पानावर वाढणार होती. ते पोतं मिलनं गिळलं होतं.

मामाजीनं हलर बंद केलं आणि सहाही जणांना तसंच बसवून तिच्याबरोबर निघाला. मीही मागून गेलो.

काचेच्या खोलीतला माणूस गोड बोलत होता. “माताजी, ये तो ज्यादा अच्छा चावल है. चाहिए तो एक थैली और ले जाओ.”

“हिच्या मालकाचा तांदूर कोठी हाय, ते सांग,” मामाजी म्हणाला.

“काका, इसमें किसका कौन सा, कोई बता सकता है क्या?”

“मी सांगतो. आत जाऊ दे मले.”

दारातून आतला ढीग दिसत होता, घराएवढा. मामाजी त्याच्याकडे बघत राहिला. मग पुढे सरकला, तेव्हा दोघांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. रांगेतली आमचीच माणसं हसली. कोण कोण हसलं ते मला अजून तोंडपाठ आहे.

फाटकाबाहेर म्हातारी चार पावलं मागे असताना त्यानं मला विचारलं, “बाईले इकडं कोनं धाडलं जी?”

“काय माहीत,” मी म्हणालो.

तो म्हातारीकडे वळला. “बांधीत सरवा असंल का? पडलेल्या लोंब्या?”

“धानामांगं पेरलेली लाखोरी उगवून राहिली. तिच्यात पाहा लागंल.”

“चाल मंग. गुरुजी, तुमी येता का? दोन हात वाढतील.”

मी शाळेचं काम आहे म्हणालो. रविवार होता.

तीनच्या गाडीनं ती दोघं गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो परतला. बोटं चिरलेली, गुडघ्यांना चिखल. “बाईनं उखळात कांडला. एका पानापुरता झाला जी,” एवढं सांगून तो कामाला लागला.

पुढे दोनच हंगाम त्यानं हलर चालवलं. मग तो गेला, हलर भंगारात निघालं, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. आमच्या घरी मिलची पिशवी येते.

त्याच्या तेरवीला तो ऑटोवाला माझ्या शेजारी जेवायला बसला होता. म्हातारीला मिलवरून मामाजीच्या दारात त्यानंच परत आणून सोडलं होतं. बोलता बोलता तो म्हणाला, तिला तिकडे कोणी धाडलं हे मामाजीनं तिथंच त्याला विचारलं होतं, आणि त्यानं माझं नाव सांगितलं होतं.