शिट्टीवर वाढलेलं पिल्लू

त्या वर्षी होळीच्या आसपास ठाकुर्लीतल्या आमच्या बिल्डिंगला बाहेरून परांच्या बांधल्या. चार मजली इमारत, वय झालेली, भिंतींना भेगा. वरून खालपर्यंत हिरवी जाळी सोडली होती, त्यामुळे घरात दिवसभर हिरवट उजेड. आमच्या बाथरूमच्या खिडकीशेजारी जुन्या पाइपचं एक भोक होतं आणि त्यात साळुंकीनं घर केलं होतं. कामगारांना हे सांगायचं मी रोज ठरवत होते आणि रोज विसरत होते. मग एका शनिवारी दुपारी त्यांनी ते भोक साफ केलं आणि सिमेंटनं बुजवून टाकलं.

प्लॅस्टर करणाऱ्या माणसानं बेल वाजवली तेव्हा त्याच्या तळहातावर एक पिल्लू होतं. तीन होती, दोन खाली पडून गेली, असं त्यानं मान खाली घालून सांगितलं. मी त्याला ओरडणार होते, पण कोणत्या तोंडानं ओरडू? चूक माझीही होतीच. पिल्लाच्या अंगावर पिसं नव्हती, नुसते निळसर खुंट, आणि डोक्याच्या मानानं चोच फारच मोठी. आम्ही ते बुटांच्या खोक्यात घालून संध्याकाळपर्यंत परांचीवर ठेवलं. त्याचे आईबाप जाळीच्या पलीकडे ओरडत येरझाऱ्या घालत होते, पण येण्याजाण्याची फट त्या दिवशी बांधली गेल्यानं त्यांना आत शिरता येईना. मी कात्रीनं जाळी कापली, सेक्रेटरींचे चार शब्द ऐकून घेतले, तरी ती दोघं आली नाहीत. अंधार पडल्यावर खोकं घरात घेतलं.

घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी आई. मी आंबिवलीच्या शाळेत शिकवते. सत्तावीस वर्षं वर्गात आवाज चढवून माझा स्वभावही तसाच झालाय, हे मी नाकारत नाही. आई ब्याऐंशीची, मूळची राजापूरकडची, अंगानं काटक, पण कानानं जवळजवळ पूर्ण गेलेली. तिला कानाचं मशीन आणून दिलंय. ते घातलं की डोक्यात पिठाची गिरणी चालू होते असं तिचं म्हणणं, म्हणून ते सुक्या खोबऱ्याच्या डब्यात असतं. आमचं बोलणं पाटीवर चालतं. मी खडूनं लिहायचं, तिनं तोंडानं उत्तर द्यायचं. मी चिडले की खडू मोडतो, आणि तो मोडताना पाहिला की तिला उगीचच हसू येतं.

त्याच्याआधी एक वर्ष मी तिचं स्वयंपाकघर बंद केलं होतं. हे सांगायला आजही जड जातं. झालं असं की तिनं डाळीचा कुकर चढवला आणि शिट्ट्या ऐकूच आल्या नाहीत. पाणी आटलं, झाकणावरचा वॉल्व्ह उडाला आणि तुरीची डाळ छताला जाऊन चिकटली. ती बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसली होती म्हणून वाचली. मी घरी आले, ते छत पाहिलं आणि घाबरले. मग भीतीचा राग झाला. आजपासून गॅसला हात लावायचा नाही, असं मी पाटीभर लिहिलं. एवढ्यावर न थांबता मी कुकरची शिट्टी, म्हणजे झाकणावरचं ते वजन, काढून पर्समध्ये टाकली. तेव्हापासून रोज सकाळी स्वयंपाक करून मी ती शिट्टी शाळेत घेऊन जायचे. मधल्या सुट्टीत डबा खाताना ती पर्समध्ये खुळखुळायची. आई काही बोलली नाही. फक्त दुपारची झोपायला लागली, जी ती जन्मात कधी झोपली नव्हती.

तर पिल्लू. रविवारी कल्याणला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तोवर आईनं त्याला दुधात भिजवलेली पोळी भरवली होती. डॉक्टर माझ्यावरच खेकसले. दूध अजिबात नाही, वरून पाणी घालायचं नाही, उकडलेलं अंडं आणि मांजरांचं खाणं कोमट पाण्यात भिजवून द्यायचं, उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर अर्ध्या तासानं. आणि उडायला लागलं की सोडायचं, रानातला पक्षी घरात ठेवायचा नसतो. मी घरी येऊन हे सगळं पाटीवर लिहिलं. दुधाशिवाय बाळ जगेल कसं, असं आईनं विचारलं, पण ऐकलं. मी शाळेत असताना घड्याळ बघून भरवायचं काम तिचं ठरलं. सकाळ-संध्याकाळ माझं.

आणि इथे मी घोळ घातला. आमच्या घरांमधून स्वयंपाकाचा वेळ घड्याळात कोण मोजतं? डाळीला चार शिट्ट्या, भाताला तीन, छोल्यांना सहा. सकाळी साडेपाचला एका हातानं पोळ्या लाटायच्या, दुसऱ्या हातानं पिल्लू भरवायचं, सव्वासहाला घर सोडायचं, यात माझ्या नाकी नऊ यायचे. म्हणून मी युक्ती काढली. खोकं ओट्याशेजारच्या टेबलावर ठेवलं आणि नियम केला की एक शिट्टी झाली की एक घास. विसरायला नको. आठवड्याभरात शिट्टी झाली रे झाली की पिल्लू मान उंच करून, पिवळ्या कडांची चोच आ वासून, पंखांचे पिसं न आलेले खुंट थरथरवायला लागलं. मला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. स्टाफरूममध्ये मी तो किस्सा रंगवून सांगितला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस शाळेतून दीडला आले तर दारातच वरणाचा वास. टेबलावर दोन ताटं, वाफाळता भात, त्यावर वरण, लिंबाची फोड. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पर्स उघडून पाहिली, शिट्टी आत होती. म्हणजे हिनं वॉचमनकडून भांड्यांच्या दुकानातून दुसरी शिट्टी मागवली होती, वर्षभर नाही आणि आताच! मी पाटी घेतली, खडू मोडला, आणि लिहिलं की तुला ऐकू येत नाही, पुन्हा स्फोट झाला तर?

आईनं मला हाताला धरून टेबलापाशी बसवलं. खोकं माझ्यासमोर ओढलं. म्हणाली, "अगं बाय, याला येतं ना ऐकू. मी याच्या तोंडाकडे बघते. त्यानं चार वेळा आ केला की गॅस बंद करते."

मी पाटी खाली ठेवली. पहिले दोन दिवस डाळ कच्ची राहिली, असंही तिनं सांगितलं, कारण खालच्या मजल्यावरची शिट्टी वाजली तरी हा शहाणा तोंड उघडतो. मग तिनं ताळा जमवला. त्यानं आ केला की मान वळवून आपल्या झाकणावर वाफ आहे का ते बघायचं, असेल तरच ती शिट्टी धरायची. आणि प्रत्येक वेळी त्याला घास द्यायचा, फुकट राबवून घ्यायचं नाही. हे सगळं सांगताना तिचा चेहरा मी वर्षभर पाहिला नव्हता तसा होता. मी जेवले. भात अगदी मऊ, तिच्या हातचा. दोनदा घेतला, पण छान झालाय एवढं लिहायची बुद्धी काही झाली नाही.

पिल्लू भराभर वाढलं. डोक्यावर काळं आलं, डोळ्यामागे पिवळा पट्टा आला, पायांना ताकद आली. ते घरभर उडायचं तेव्हा आम्ही पंखे बंद ठेवायचो आणि एप्रिलच्या उकाड्यात दोघी घामानं निथळत बसायचो. आई त्याच्याशी अखंड बोलायची. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ती फार मोठ्यानं बोलते, त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टी पिल्लाबरोबर अख्ख्या बिल्डिंगलाही कळल्या.

जाळी उतरल्यावर पहिल्या रविवारी सकाळी आम्ही खिडकी उघडली. ते कठड्यावर बसलं, मान वाकडी करून पाहिलं आणि समोरच्या गुलमोहरावर गेलं. आई खिडकीचे गज धरून उभी होती. माझे डोळे भरून आले, पण कुठेतरी अभिमानही वाटला, म्हटलं जमलं आपल्याला. मग अकरा वाजले. रविवार सकाळ, घरोघरी मटणाचे कुकर. पहिली शिट्टी पहिल्या मजल्यावर झाली आणि पिल्लू झाडावरून सुटलं ते थेट तिथल्या स्वयंपाकघरात. आ वासून ओट्यावर उतरलं आणि तापल्या तव्याच्या कडेवर पाय पडला. तिथल्या काकू बिचाऱ्या घाबऱ्याघुबऱ्या त्याला पंच्यात गुंडाळून वर घेऊन आल्या. एका पायाची बोटं भाजली होती. फिरता पंखा थोडक्यात चुकला, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

डॉक्टर फोनवर यावेळी खेकसले नाहीत, ते मला जास्त लागलं. शिट्टी म्हणजे आई, असं तुम्ही त्याला शिकवलंय, असं ते म्हणाले. असंच सोडलं तर आठवड्याभरात कुठल्या तरी स्वयंपाकघरात मरेल. आता शिट्टी वाजली की काहीही मिळत नाही हे त्याला कळू द्या. हातानं भरवणं थांबवा, बाल्कनीत ताटलीत खाणं ठेवा, त्याचं त्याला टिपू द्या. आणि तुमच्या घरात कुकर लावायचा नाही, तीन-चार आठवडे तरी.

मी दुपारभर पाटी उचलली नाही. कुकर नाही म्हणजे आईनं मिळवलेलं स्वयंपाकघर पुन्हा जाणार. आणि पिल्लू शिट्टी विसरलं की तिचे कान कायमचेच गेले. एकाचा जीव वाचवायचा तर दुसरीच्या हातातलं काढून घ्यायचं, आणि तेही मीच, दुसऱ्यांदा. शेवटी संध्याकाळी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं लिहून तिच्यासमोर ठेवलं आणि मी दुसरीकडे बघत राहिले.

आईनं ते दोनदा वाचलं. भाजलेल्या पायावर मलम लावलेलं पिल्लू तिच्या मांडीवर होतं. त्याच्या पाठीवरून तिनं एक बोट फिरवलं. म्हणाली, "मग मी पातेल्यात करीन."

मला कळलंच नाही. तेव्हा तिनं आवाज चढवला, "कुकर या घरात तू आणलास. त्याच्याआधी काय मी तुम्हाला उपाशी ठेवलं होतं? पातेल्यातला भात डोळ्यांना दिसतो. त्याला कान कशाला लागतात?"

मग वर्षभर बोलली का नाहीस, असं मी लिहिलं. गॅसला हात लावू नकोस असं तू लिहिलं होतंस, ती म्हणाली, आणि काय करायचं ते विचारलं नव्हतंस. रागानं नाही, साधं सांगितल्यासारखं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढी शिकलेली मी, वर्षभर शिट्टी पर्समध्ये घेऊन हिंडले, आणि पातेलं समोरच्या फळीवर पालथं पडलं होतं.

कुकर माळ्यावर गेला. आई ओट्यापाशी स्टूल टाकून बसायला लागली. तांदूळ उकळायचे, ती पळीनं दोन शितं काढून बोटांत दाबून बघायची, वर झाकण ठेवून आच मंद करायची. बाहेर बिल्डिंगच्या शिट्ट्या होतच होत्या. पिल्लू जाळी बांधलेल्या बाल्कनीत प्रत्येक शिट्टीला आ करायचं, पंख थरथरवायचं, आमच्याकडे बघायचं. आईला शिट्टी ऐकू यायची नाही, पण ती उघडी चोच दिसायची. ती पाठ फिरवून बसायची आणि पदर डोळ्यांना लावायची. मी दोन-तीनदा तरी घास घेऊन उठले असेन, तिनंच मला हात धरून बसवलं. दहा-बारा दिवसांनी पिल्लू नुसतं मान वर करायला लागलं. पुढे तेही नाही. आम्ही मातीच्या कुंडीत किडे सोडायचो, ते टिपण्यात त्याचा दिवस जायला लागला.

मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, आम्ही खिडकी पुन्हा उघडली. या वेळी मुद्दाम रविवार निवडला. ते गुलमोहरावर गेलं, तिथून खाली मोकळ्या जागेत चार साळुंक्या चरत होत्या त्यांच्यापासून थोडं लांब उतरलं. भाजलेल्या पायावर जरा लंगडत होतं, त्यावरून ओळखता यायचं. आई खिडकीत, मी तिच्या शेजारी. मागे गॅसवर पातेलं. अकराला पहिल्या मजल्यावर कुकर वाजला. आईला कळावं म्हणून मी एक बोट वर केलं. मग दोन. मग तीन. ती माझ्या बोटांकडे बघतच नव्हती. खाली पिल्लू गवतातून काहीतरी ओढत होतं, आणि त्यानं मान वर केली नाही.

"विसरलं," आई म्हणाली. आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडले. बरं वाटत होतं आणि घर रिकामं झालं तेही कळत होतं, दोन्ही एकदमच.

मी आत जाऊन पर्समधली शिट्टी काढली आणि पाटीवर ठेवली. तिच्याखाली लिहिलं, चुकलं माझं. आईनं शिट्टी उचलून बाजूला ठेवली, पदराच्या टोकानं ती अक्षरं पुसली, वळून पातेल्याचं झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, "ताटं घे."